लॉग काय म्हणायलाय?

'झालं चालू' हे दोन शब्द ऐकले की लिनक्सकाकांचा चेहरा पडतो. बिघडलेली वस्तू सुरू झाली की माणसं हसतात, हात जोडतात, आत चहा टाकायला सांगतात. काका हिरमुसतात. "कशानं झालं चालू?" असं विचारतात. "काय की, जरा हलवलं अन् लागलं," असं उत्तर आलं, तर ती वस्तू पुन्हा बंद पाडावी असं त्यांना मनापासून वाटतं. का बंद पडलं होतं ते कळल्याशिवाय एखादी गोष्ट सुरू झाली असं ते मानतच नाहीत. ती फक्त काही वेळ गप्प बसलीय, एवढंच.

परभणीत त्यांना खऱ्या नावानं ओळखणारे आता पोस्टमन आणि विजेचं बिल, दोघंच उरलेत. बाकी अख्ख्या वसमत रोडला ते लिनक्सकाका. सरकारी नोकरीतून निवृत्त. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक पेनड्राइव्ह, काखेत किराणा दुकानदार ठेवतात तसली लाल कापडाची वही. वहीत उधारी नाही, कॅमेरे आहेत. गावातला जो जो यूएसबी वेबकॅम त्यांच्या हाताखालून गेला, त्याचा नंबर, तो कुठल्या मशीनला लावला, काय दुखणं निघालं आणि ते कशानं गेलं, हे सगळं बारीक अक्षरात त्यात नोंदलेलं आहे. डब्यावरचं कंपनीचं नाव काका वाचत नाहीत. ते कॅमेरा लावतात, काळ्या खिडकीत 'एलएसयूएसबी' टाइप करतात आणि चार-चार अक्षरांची एक जोडी बाहेर येते. "०४६डी म्हणजे लॉजिटेक. ०८२५ म्हणजे त्यांचा सी-२७०," असं ते न बघता म्हणतात. डब्यावर आडनाव काही का असेना, कॅमेऱ्याचं गोत्र इथं कळतं. शनिवार बाजारात तीन वेगवेगळ्या नावांनी आणि तीन वेगवेगळ्या किमतींना मिळणारे कॅमेरे आतून एकच निघाल्याचे दाखले त्यांच्या वहीत आहेत, आणि ज्यांनी त्यातला सगळ्यात महाग घेतला त्यांना ते दाखवायला काका चुकत नाहीत.

गावात कॉम्प्युटर बिघडला की शहाणी माणसं तो स्टेशन रोडच्या एका दुकानात नेतात. तिथं एक चुणचुणीत पोरगा बसतो. त्याच्याकडं सगळ्या रोगांवर 'विंडोज मारून देतो' हा एकच इलाज असतो. अर्ध्या तासात मशीन परत. काय झालं होतं म्हणून विचारलं तर 'व्हायरस'. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या पंथाचा तो निष्ठावान अनुयायी आहे. बनलं तर पैसे घेतो, नाही बनलं तर नवीन मशीन विकतो.

काका बरोबर दुसऱ्या टोकाचे. ते आले की पहिला तास कुठल्याच वस्तूला हात लावत नाहीत आणि दुसऱ्यालाही लावू देत नाहीत. खुर्चीवर मांडी घालून बसतात, चष्मा कपाळावरून खाली घेतात आणि एकच प्रश्न विचारतात. "लॉग काय म्हणायलाय?"

लॉग म्हणजे यंत्राची रोजची वही. लिनक्समध्ये, म्हणजे विंडोजऐवजी मशीन चालवणाऱ्या मोफत प्रणालीत, कर्नल हा तिचा गाभा जे जे घडतं त्याची एकेक ओळ लिहून ठेवतो. 'डीमेसेज' असा हुकूम सोडला की ती वही समोर उलगडते. ओळीच्या सुरुवातीला चौकटी कंसात सेकंद दिलेले असतात, मशीन सुरू झाल्यापासून कितव्या सेकंदाला हे घडलं ते. कॅमेरा कधी जोडला, कुठल्या पोर्टला जोडला, त्यानं नाव काय सांगितलं, मग अचानक कुठं बोलणं तुटलं, सगळं तिथं आहे. "यंत्र बिचारं सांगायलंय, लिहून द्यायलंय. आपण वाचत नाही अन् वरून त्यालाच चापटी मारतो," असं म्हणताना काकांच्या आवाजात खरोखरच कळवळा येतो. माणसांबद्दल बोलताना तो येत नाही.

बिघाडांची नावं ते आकड्यांनी घेतात. वजा एकाहत्तर म्हणजे कॅमेरा आणि मशीन यांच्यातलं बोलणं अर्धवट तुटतंय. बहुतेक वेळा केबल लांब, सैल किंवा सडलेली. वजा एकशे दहा म्हणजे मशीननं विचारलं आणि कॅमेऱ्यानं वेळेत उत्तर दिलं नाही. सकाळी चालायला निघालेले लोक एकमेकांना "तुमच्याकडं वजा एकाहत्तर निघालं म्हणे?" असं विचारतात, तेव्हा परगावचा माणूस घाबरतो.

वजा अठ्ठावीसची गोष्ट मात्र गावात अजून सांगितली जाते. एका शिकवणीवाल्या सरांनी दोन कॅमेरे घेतले, एक फळ्यावर आणि एक स्वतःच्या तोंडावर. दोन्ही एकाच हबला लावले. पहिला सुरू झाला; दुसऱ्यानं पडद्यावर इंग्रजीत तक्रार केली की डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. स्टेशन रोडच्या पोराला बोलावलं. त्याला इंग्रजी येत होतं, हीच अडचण झाली. जागा नाही म्हणजे डिस्क भरली, असा सरळ अर्थ लावून त्यानं आधी पिक्चर उडवले, मग गाणी उडवली, मग सरांच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो उडवले. डिस्क धुऊन निघाली. कॅमेरा आपला 'जागा नाही'वर ठाम.

काका आले, वही वाचली आणि म्हणाले, "जागा डिस्कवर नाही असं कोण म्हणालं? वायरवर नाही." यूएसबी २.० च्या तारेतून सेकंदाला जास्तीत जास्त ४८० मेगाबिट जातात आणि तेवढ्यातच हबवरच्या सगळ्यांनी भागवायचं असतं. सुरू होताना प्रत्येक कॅमेरा आपला वाटा आधीच राखून ठेवतो. चित्र न दाबता, कच्चंच पाठवणारा कॅमेरा एवढा वाटा अडवून बसतो की दुसऱ्याला काही उरत नाही. काकांनी दोन्ही कॅमेऱ्यांना चित्र दाबून, एमजेपेग करून पाठवायला लावलं, एक कॅमेरा हबवरून काढून मशीनच्या मागच्या पोर्टला नेला, आणि सरांचं तोंड व फळा एकदम दिसू लागले. मग 'फोटोरेक' नावाचं मोफत साधन लावून त्यांनी उडवलेले फोटोही परत आणले. ते साधन फोटो शोधून देतं, पण नावं आणि क्रम देत नाही. त्यामुळं सरांच्या बहिणीच्या लग्नात आता आधी पाठवणी होते, मग पंगत, त्यानंतर वरात येते आणि शेवटी हळद लागते. सर म्हणतात, मेव्हण्यांचं आजवरचं वागणं बघता हाच क्रम बरोबर वाटतो.

लॉग वाचायची ही सवय काकांच्या अंगात इतकी मुरलीय की ती कॉम्प्युटर बंद केल्यावरही सुटत नाही. डॉक्टरांनी "ताप कधीपासून?" असं विचारलं की "काल संध्याकाळी सहा बावीस. त्याआधी सहा सतराला एक शिंक," असं उत्तर येतं. वीज कधी गेली आणि कधी आली, याची नोंद दाराच्या मागे खडूनं होत असते. शेजारच्या घरात सासू-सुनेचं जुंपलं की भिंतीपलीकडून काकांचा आवाज येतो, "शेवटच्या ओळीवर भांडू नका. पहिली ओळ कोणती ते सांगा!" खरं म्हणजे यात फार शहाणपण आहे. लॉगमध्ये शंभर तक्रारी दिसल्या तरी नव्व्याण्णव पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात. पण भांडणात पहिली ओळ शोधत मागं जायचं म्हटलं तर ती लग्नाच्या याद्यांपर्यंत पोचते, आणि मग दोन्ही पक्ष एक होऊन काकांवर घसरतात.

काकूंचं दुःख वेगळं आहे. कॅमेरा तपासायचा म्हणजे त्याच्यासमोर काहीतरी हवं, आणि घरात हलतं, बोलतं, चेहरा असलेलं असं काकूच आहेत. "जरा इकडं बघ," असं म्हणत काकांनी त्यांचे जे फोटो काढलेत ते 'चाचणी' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. त्यात हिरव्या काकू आहेत. रंगांची बांधणी मशीननं चुकीची वाचली होती. निळ्या काकू आहेत. लाल आणि निळा यांची अदलाबदल झाली होती. उलट्या काकू आहेत. काही लॅपटॉपांत कारखान्यातच कॅमेरा उलटा बसवलेला असतो. अशा लॅपटॉपांची यादी हान्स दे खूडे नावाच्या डच माणसाच्या कोड-संग्रहात ठेवलेली आहे आणि तिच्या आधारानं चित्र सुलटं केलं जातं; यादीत नसलेल्या एका लॅपटॉपानं काकूंना छताला लटकवलं. अर्ध्या काकू आहेत, पट्ट्यापट्ट्यांच्या काकू आहेत. हातात लाटणं, कपाळावर आठी, तोंड 'आता बास' म्हणताना उघडं. चित्र ठीक आलं की चाचणी संपते, म्हणून तो फोटो काढलाच जात नाही. बँकेत केवायसीला फोटो मागितला तेव्हा काकूंनी ते फोल्डर उघडून बघितलं. "एवढे फोटो," त्या म्हणाल्या, "अन् एकात बी मी माणसासारखी नाही."

काका या नादाला लागले ते फुकट सीडीमुळं. उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली आणि तिच्या सीड्या कुणीही मागितल्या तरी पोस्टानं घरपोच, एक पैसा न घेता येत. २०११ मध्ये ती सोय बंद झाली. तोवर काकांकडं परदेशी शिक्क्यांची पाकिटं इतक्यांदा आली होती की गल्लीत यांचा कुणीतरी युरोपात आहे अशी पक्की समजूत झाली होती, आणि काकांना नसलेल्या मुलासाठी स्थळं सांगून येत होती. काका स्थळ घेऊन येणाऱ्याला एक सीडी देऊन वाटेला लावायचे.

त्या दिवसांत लिनक्सवर वेबकॅम लावणं हे पुरुषार्थाचं काम होतं. प्रत्येक कॅमेऱ्याची भाषा वेगळी. कंपन्या सीडी देत ती विंडोजची. अशा वेळी फ्रान्समधल्या एका डॉक्टरनं, दवाखाना सांभाळून, २०० हून अधिक प्रकारच्या वेबकॅमना लिनक्सवर चालवणारा 'जीएसपीसीए' नावाचा ड्रायव्हर लिहिला. मिशेल त्यांचं नाव. आडनावाचं स्पेलिंग एक्सपासून सुरू होतं. काका त्याचा उच्चार दर वेळी निराळा करतात आणि दर वेळी हात जोडून करतात. "आपल्याकडचा डॉक्टर दवाखान्यातून सुटला की प्लॉट बघायला जातो. हा माणूस चिनी कॅमेऱ्यांच्या नाड्या बघत बसला होता."

मग २००८ साल उजाडलं आणि काकांवर आभाळ कोसळलं. कॅमेऱ्यानं स्वतःची ओळख मशीनला कशी द्यायची याचा एक सामाईक नियम, यूव्हीसी, तोवर रुळला होता. त्यासाठी लॉराँ पँशार यांनी लिहिलेला ड्रायव्हर त्या साली कर्नलच्या २.६.२६ आवृत्तीत दाखल झाला, पाठोपाठ २.६.२७ मध्ये डॉक्टरांचा जीएसपीसीएही आत घेतला गेला. म्हणजे आता कॅमेरा लावायचा आणि तो दिसायचा. एवढंच. जग आनंदलं. काकांनी एका दुकानातून नवा कॅमेरा आणला, लावला, आणि काकू पडद्यावर एकदम, सुलट्या आणि माणसाच्या रंगात दिसल्या. काका बराच वेळ बघत राहिले. मग कॅमेरा डब्यात घालून म्हणाले, "यात काही राम नाही."

परभणीनं त्यांना तारलं. ड्रायव्हर कितीही सुधारले तरी दहा रुपयांत मिळणारी एक्स्टेन्शन वायर सुधारत नव्हती. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाकडं सरकला की हब गरम होऊन कॅमेरे टाकून द्यायचे. उंदीर होते. सैल पोर्ट होते, आणि ते घट्ट बसावेत म्हणून आत आगपेटीची काडी घालणारे हात होते. जुनं स्काइप होतं, त्याला कॅमेऱ्याची जुनीच बोली कळायची, म्हणून ते सुरू करताना आधी 'एलडी प्रीलोड'ची एक भलीमोठी ओळ लिहावी लागायची. ती काकांना पाठ होती. आणि मग २०२० चा लॉकडाऊन आला.

तो काकांचा सुवर्णकाळ. बाजारातले वेबकॅम संपले आणि माळ्यावरचे खाली उतरले. मेलेले समजून टाकलेले, वायरी कुरतडलेले, भिंगाला बुरशी आलेले, सगळे काकांच्या ओसरीवर रांगेत. शाळा पडद्यावर, शिकवण्या पडद्यावर. सर्वोच्च न्यायालयानं ६ एप्रिल २०२० ला देशभरच्या न्यायालयांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगचा मार्ग घालून दिला तेव्हा तर काकांची छाती फुगली. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा न्यायालयांना दिलेले कॉम्प्युटर उबुंटूवर चालतात हे त्यांना माहीत होतं. "न्यायदेवतेच्या डोळ्यावर पट्टी आहे," ते वकिलांना ऐकवायचे, "तरी तिला लिनक्स ओळखू आलं. तुम्हाला डोळे असून नाही."

याच काळात तो प्रसिद्ध बघण्याचा कार्यक्रम झाला. मुलगी कृषी विद्यापीठातून एमएस्सी झालेली. मुलगा म्युनिकला नोकरीत, मुलाचे आईवडील सेलूत. विमानं बंद. 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' असं आपण आयुष्यभर म्हणत आलो. आता ती दोन्ही टोकं खरोखर एका पडद्यावर आणायची होती. मोबाइलवरून सहज झालं असतं. पण मुलीच्या वडिलांचं म्हणणं, पाच माणसांनी एका मोबाइलमध्ये डोकी घालून जावई बघायचा का? म्हणून टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. त्या कॉम्प्युटरवर काकांनी पूर्वीच लिनक्स घालून ठेवलं होतं. म्हणून काकांना बोलावलं. झूम नको, जित्सी. ते मुक्त आहे, ही काकांची अट. ती मान्य झाली.

ठरल्या वेळी टीव्हीवर मुलगा दिसला, सेलूचे आईवडील दिसले. परभणीच्या चौकटीत मुलगी दोन सेकंद चमकून गेली आणि अंधार झाला. पुन्हा दोन सेकंद, पुन्हा अंधार. पलीकडून मुलाची आई म्हणाली, "लाजायलीय का?"

काका टीव्हीसमोर फरशीवर बसले, कीबोर्ड मांडीवर घेतला आणि काळी खिडकी उघडली. पोहे निवायला लागले.

"काका," मुलगी हळूच म्हणाली, "मी मोबाइलवरून लावू का?"

काकांनी मान वळवून तिच्याकडं बघितलं. तिनं मोबाइल उशीखाली ठेवला.

"मोबाइलवर दिसलं, तर इथं कामून दिसत नाही ते कसं कळायचं?"

"पण पाहुणे खोळंबलेत ना," वडील म्हणाले.

"पाहुणे कुठं जायलेत? लॉकडाऊन आहे."

याला उत्तर नव्हतं. काकांनी वाचता वाचता पडद्यावरच्या मुलाशी बोलणं सुरू केलं, कारण परभणीचं चित्र जात नसलं तरी आवाज जात होता.

"म्युनिकला राहता म्हणे?"

"हो काका."

"म्युनिकच्या महापालिकेनं २०१३ पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास कॉम्प्युटर लिनक्सवर नेले. अन् २०१७ ला ठराव करून परत विंडोजकडं वळले. तुमचं यावर काय मत?"

मुलगा पगाराच्या, खाण्यापिण्याच्या, परत यायच्या विचाराच्या प्रश्नांची तयारी करून बसला होता. तो म्हणाला, "मी... मी २०१९ ला आलो इथं."

"मग तुमचा हात नाही त्यात," काका म्हणाले आणि वडिलांकडं बघून मान हलवली. पहिली परीक्षा पास. "बरं, जगातला पहिला वेबकॅम कशावर लावला होता? माहीत नसल? कॉफीच्या भांड्यावर. केंब्रिजला, १९९१ ला. भांड्यात कॉफी शिल्लक आहे की नाही ते जागेवरून दिसावं म्हणून. लिनक्स बी त्याच सालचं. पुढं २००१ ला तिथलं भांडं लिलावात निघालं, तेव्हा कुणी घेतलं? तुमच्या जर्मनीच्या 'श्पीगल' न्यूज साइटनं. ३,३५० पौंड मोजले. भांडं बिघडलेलं होतं."

"बिघडलेलं भांडं?" सेलूहून आईनं विचारलं. "कुणाकडचं?"

एवढ्यात काकांना हवं ते सापडलं. वजा एकाहत्तर. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून मुलीच्या आईला वाटलं, पसंती आली. काकांनी सोफ्याखाली हात घालून वायर ओढायला सुरुवात केली. वायर येतच राहिली. टीव्ही एका भिंतीला, सोफा समोरच्या भिंतीला. मधलं अंतर भागवायला कुणीतरी एकाला एक अशा दोन एक्स्टेन्शन जोडल्या होत्या. यूएसबीच्या साध्या केबलला पाच मीटरची मर्यादा आहे. त्यापुढं बोलणं तुटतं. "वायर कमी करा," काकांनी निकाल दिला. वायर कमी म्हणजे कॅमेरा टीव्हीजवळ. कॅमेरा टीव्हीजवळ म्हणजे सोफाही टीव्हीजवळ. मुलीचे वडील, भाऊ, मामा आणि स्वतः नवरी मुलगी यांनी सोफा उचलला आणि पोह्यांच्या बशा ओलांडत खोलीच्या मध्यात आणला. म्युनिकला आणि सेलूला यातला फक्त आवाज गेला. सेलूच्या वडिलांनी "मारामारी चालू आहे का?" असं विचारल्याचं अनेकांनी ऐकलं.

मग चित्र आलं. स्पष्ट आलं. फक्त मुलीच्या चेहऱ्यावरून काळसर आडव्या पट्ट्या खालून वर सरकत होत्या.

"झालं चालू!" मामा ओरडले. काकांनी त्यांना हातानंच बसवलं.

खोलीत जुन्या चोकची ट्यूबलाइट होती. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळं अशी नळी सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. म्हणून कॅमेऱ्यात एक कळ असते, तुमच्या देशातली वीज किती हर्ट्झची ते सांगायची. ती या कॅमेऱ्यात साठवर होती. "हा स्वतःला अमेरिकेत समजायलाय," काका म्हणाले. त्यांनी एक ओळ लिहिली, पॉवर लाइन फ्रिक्वेन्सी साठवरून पन्नासवर आणली, आणि पट्ट्या पुसल्यासारख्या गेल्या. काकांनी पडद्याकडं बघून विचारलं, "तुमच्याकडं किती हो? जर्मनीत बी पन्नासच ना?"

"हो, पन्नास."

"इकडं पन्नास, तिकडं पन्नास. जुळले!"

सेलूची आई नवऱ्याला म्हणाली, "पन्नास जुळले? छत्तीसातले पन्नास कसे जुळतील? गुरुजींना परत विचारा."

यानंतर दोघांना बोलायला म्हणून पाचेक मिनिटं मिळाली. मुलगा चांगला बोलत होता. मग त्याचा आवाज तुटू लागला. "एक मिनिट," तो म्हणाला, "मी रीस्टार्ट करून येतो." आणि त्याची चौकट काळी झाली.

खोलीत शांतता. काका मुलीच्या वडिलांच्या कानाशी गेले. त्यांच्या मते ते हळू बोलत होते. "पोरगं चांगलं आहे. शिकलेलं आहे. पण कारण न बघता रीस्टार्ट करतंय. पुढं संसारात बी हेच करील. विचार करा."

मुलगा परत आला. आवाज खणखणीत. मुलीनं विचारलं, "काय झालं होतं?"

"काय माहीत," तो हसून म्हणाला. "पण झालं चालू."

मुलगी काकांकडं बघत हसली ती थांबेचना. लग्न ठरलं. काकांचा सल्ला का मानला नाही, असं तिला नंतर कुणीतरी विचारलं. ती म्हणाली, "कारण शोधत बसणाऱ्यापेक्षा रीस्टार्ट करणारा बरा. गेला तरी मिनिटात परत येतो." हे काकूंच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे."

काकांचा यावर राग नाही. त्यांच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: वजा एकाहत्तर, वायर जास्त, साठचे पन्नास केले. लग्न ठरल्याचा उल्लेख नाही. तो बिघाड नव्हता.

हल्ली सगळं मोबाइलवर चालतं. ओसरीवरची रांग संपली. तरी अंधार पडल्यावर स्टेशन रोडचा तो पोरगा पिशवीत काहीतरी झाकून काकांकडं येताना दिसतो. विंडोज मारूनही न सुधारलेली मशीनं, पट्टे मारणारे कॅमेरे, कुणाचा तरी न बोलणारा प्रिंटर. काका रात्री दोन-दोनपर्यंत बसतात, लॉग वाचतात, कारण शोधतात. सकाळी पोरगा वस्तू घेऊन जातो आणि गिऱ्हाइकाकडून चारशे-पाचशे रुपये वाजवून घेतो. हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, म्हणून एक दिवस मीच काकांना म्हणालो, काका, राबता तुम्ही आणि पैसे खातो तो. त्याला काहीतरी बोला की.

काकांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या व्यवहारज्ञानाची त्यांना कीव आली असावी.

"अहो, फसलाय तो," ते हळूच म्हणाले. "पैसे त्याला मिळाले. बिघाड मला मिळाला."